झाकण कधी उघडलं? सिंदेवाही तालुक्यातल्या एका पाण्याच्या रॉकेटचं प्रकरण

दुसऱ्या उड्डाणाला रॉकेट वर गेलं आणि पोरांनी आरोळी ठोकली. पण त्याला सावकाश खाली आणणारी छत्री दिसलीच नाही. ते नाकावर खाली आलं, तेही धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, तणसाचा भारा घेऊन चाललेल्या एका आबाजींपासून ११ पावलांवर. पावलं मी स्वतः मोजली, दोनदा. आबाजी म्हणाले, "काही झालं नाही ना गुरुजी, मंग जाऊ द्या." मला जाऊ देणं जमलं नाही. पुढचे तीन आठवडे आम्ही एकाच गोष्टीच्या मागे होतो: छत्रीच्या कप्प्याचं झाकण कधी उघडलं आणि का उघडलं. दुसऱ्या एखाद्या शाळेला उपयोगी पडावं म्हणून सगळं लिहून काढतो आहे, हिशेबासकट.

मी सिंदेवाही तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतो. आमच्या पोरांना रॉकेटचं वेड लागलं ते आकाशातून पडलेल्या वस्तूमुळे. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भातल्या कितीतरी गावांनी त्या दिवशी जळत जाणारे गोळे पाहिले, आणि आमच्याच तालुक्यातल्या लाडबोरीत सुमारे ३ मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं. नंतर तालुक्यात इतरत्र धातूचे पोकळ गोळेही सापडले. फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटलेल्या चिनी लाँग मार्च ३बी रॉकेटचा तो तिसरा टप्पा असावा, असं खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितलं. वर्गात महिनाभर दुसरा विषय नव्हता. हे वर गेलं कसं, आणि खाली आलं तर कोणाच्या डोक्यावर का पडलं नाही, हे दोन प्रश्न मुलांनी तेव्हाच विचारले होते. दुसरा प्रश्न पुढे आमच्याच अंगावर येणार होता.

मुलांना हवं होतं आग ओकणारं रॉकेट. मोबाइलवर त्यांनी परदेशातली 'हाय पॉवर' उड्डाणं पाहिली होती. तिकडे छंद म्हणून उडवायच्या रॉकेट मोटारींना ताकदीनुसार ए, बी, सी अशी अक्षरं देतात, आणि दर पुढच्या अक्षराला आवेगाची, म्हणजे रेटा गुणिले तो टिकतो तेवढा वेळ याची, मर्यादा दुप्पट होते. १६० न्यूटन-सेकंदांच्या वर, म्हणजे एच या अक्षरापासून, 'हाय पॉवर' सुरू होतं. तिथून पुढे हा छंद जोपासणाऱ्यांच्या संघटनेचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते रॉकेट उडवून सुखरूप परत आणून दाखवल्यावरच मिळतं. फटाक्यांची दारू काढून आपणही करू, असं पोरांचं म्हणणं होतं. मी नाही म्हणालो, आणि त्या बाबतीत माझं मत आजही तसूभर हललेलं नाही. विनापरवाना स्फोटक बनवणं हा १८८४ च्या स्फोटके अधिनियमाखाली गुन्हा आहे. परवाने २००८ च्या नियमांनी मिळतात, आणि ते पाहणाऱ्या केंद्रीय संघटनेचं, पेसोचं, मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. पण मुलांना मी कायद्याआधी दुसरी गोष्ट सांगितली. माझ्या वर्गातल्या एका मुलानं दिवाळीनंतर न फुटलेल्या फटाक्यांची दारू डबीत भरली होती. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं आता नाहीत. पेन तो डाव्या हातानं धरायला शिकला. ती बोटं डोळ्यांसमोर आल्यावर कोणी हट्ट केला नाही.

म्हणून पाणी. पाण्याचं रॉकेट म्हणजे शीतपेयाची बाटली एक तृतीयांश पाण्यानं भरायची, उरलेल्या जागेत हवा कोंबायची आणि तोंड खाली करून सोडायची. दाबलेली हवा पाण्याला खाली फेकते, पाणी बाटलीला वर ढकलतं. हा लहान मुलांचा खेळ आहे असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. केप टाऊन विद्यापीठाच्या गटानं २०१५ मध्ये पाण्याचंच रॉकेट ८३० मीटरपर्यंत नेलं होतं. आमच्या रॉकेटचा एकूण आवेग मी काढला तो २३ न्यूटन-सेकंदांच्या आसपास, म्हणजे अक्षरांत ई. हाय पॉवरच्या उंबरठ्याचा सातवा हिस्सा. सातवा हिस्सा माणूस जखमी करायला पुरतो, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

बांधणी

बाटली सव्वादोन लिटरची, आणि फक्त फसफसणाऱ्या पेयाचीच. साध्या पाण्याच्या बाटलीला दाब सोसत नाही. बुडाशी फुलाच्या पाकळ्यांसारखा आकार असतो तीच बाटली घ्यायची, ओरखडा असेल तर टाकून द्यायची, उन्हात ठेवायची नाही. नव्या बाटलीत हवेऐवजी काठोकाठ पाणी भरून आम्ही ती १०० पीएसआयपर्यंत (टायरमधली हवा मोजतात तेच दाबाचं एकक) तपासली. पाणी जवळजवळ दाबलं जात नाही, त्यामुळे त्यात ऊर्जा साठत नाही. बाटली फुटलीच तर फट्‌ होतं आणि पाणी सांडतं, एवढंच. हवा भरून अशी तपासणी कोणी करू नये.

बाटलीच्या तोंडाचा आतला व्यास २१.७ मिलिमीटर, आणि अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपाचा बाहेरचा व्यास साधारण २१.३. म्हणजे पाइप तोंडात जवळजवळ नेमका बसतो आणि मधली फट एक ओ-रिंग, म्हणजे रबराचं गोल कडं, बुजवते. बाटलीच्या गळ्याची कड केबल टायच्या डोक्यांनी धरायची, त्या टायवर मोठ्या पाइपाचा तुकडा चढवायचा आणि दोरीनं तो खाली ओढला की बाटली सुटते. ही आमची सोडणी. हवा भरायला आठवीतल्या एका मुलीच्या मामांनी आपल्या पंक्चरच्या दुकानातला मीटर असलेला पाय-पंप दिला. मधली नळी फवारणीच्या एचटीपी पंपाची, १० मीटर, कारण ती दाबासाठीच बनवलेली असते. पंख निवडणुकीच्या जुन्या फलकाच्या सनपॅकचे, म्हणजे पोकळ प्लास्टिक पत्र्याचे. छत्री खरोखर छत्रीचीच, फाटक्या छत्रीचं कापड ८० सेंटिमीटर व्यासाचं कापून, आठ दोऱ्या गोधडीच्या दोऱ्याच्या.

पहिल्या उड्डाणाबद्दल फार सांगत नाही. दहा-बारा मीटरवर रॉकेट उलटं-सुलटं गरगरलं आणि आडवं पडलं. कारण ओळखीचं होतं. पाणी निघून गेल्यावर रॉकेटचं वजन कुठे आहे हे आम्ही पाहिलंच नव्हतं. गुरुत्वमध्य हा वाऱ्याच्या दाबाच्या केंद्रापेक्षा नाकाकडे, निदान एका बाटलीच्या जाडीइतका पुढे हवा. पुठ्ठ्यातून रॉकेटची बाह्याकृती कापून ती बोटावर तोलली की दाबाचं केंद्र ढोबळमानानं कळतं. नाकात ७० ग्रॅम कन्हार माती घातली, पंख मोठे केले. रिकामं रॉकेट दोरीला बांधून डोक्याभोवती फिरवलं, तेव्हा नाक पुढे ठेवून फिरलं. वजन झालं ३०० ग्रॅम.

दुसरं उड्डाण

छत्रीसाठी दाबाच्या बाटलीवर दुसऱ्या बाटलीचा कापलेला भाग बसवला होता. त्याला बाजूला खिडकी, खिडकीला झाकण, झाकणावर रबर, आणि रबराचं टोक जत्रेतल्या चावीच्या खेळण्याच्या चाकाला अडकवलेलं. उडताना सोडणीला बांधलेली दोरी एक पिन ओढते, चाक फिरू लागतं आणि तीन सेकंदांनी रबर सुटतं. ही युक्ती जगभर पाण्याची रॉकेटं करणारे वापरतात, आणि मला ती फार आवडते, कारण तिच्यात बॅटरी नाही.

जागा निवडली ती लाखोळी न पेरलेली एक बांधी, म्हणजे धानाच्या शेताचा एक तुकडा. विज्ञान दिन, २८ फेब्रुवारी, पाच दिवसांवर होता, आणि त्या दिवशी पाहुण्यांसमोर उडवायचं ठरलं होतं. आमची गडबड त्यामुळेच. मुलं ३० मीटर मागे बसली, वारा जात होता त्या बाजूला. धुऱ्याची पायवाट समोर होती, वारा येत होता त्या बाजूला, आणि तिथे मी कोणालाच उभं केलं नव्हतं. ही माझी चूक. पंख असलेलं रॉकेट वाऱ्यात नाक घालतं, वारा येतो त्याच दिशेला झुकतं. मी ते वर्गात शिकवलेलं होतं.

७० पीएसआय. दोरी ओढली. बाकीचं सुरुवातीला लिहिलंच आहे. पन्नासेक मीटरवरून ३०० ग्रॅमची वस्तू नाकावर आली तर जमिनीशी तिचा वेग ताशी ९० किलोमीटरच्या आसपास असतो. नाक बांधीत वीतभर रुतलं होतं.

त्याच संध्याकाळी मी मुख्याध्यापकांना सांगितलं की विज्ञान दिनाला उड्डाण होणार नाही. पाहुणे ठरलेले, पत्रिका छापलेल्या. नाराजी झाली. पण कारण कळल्याशिवाय मी ते रॉकेट पुन्हा माणसांजवळ उडवणार नव्हतो.

शोध

दुसऱ्या दिवशी वर्गात तीन मतं होती. मामांचं मत, खेळण्याचं चाक उशिरा फिरलं. मुलांचं मत, दवानं कापड ओलं होऊन चिकटलं. माझं मत, दोऱ्यांची गाठ सुटली, कारण छत्री वेगळी होऊन वीस मीटरवरच्या बाभळीला अडकलेली सापडली होती, आणि ती गाठ मी घाईत बांधली होती. तिन्ही मतांत एक गोष्ट धरूनच चाललो होतो: जे बिघडलं ते वर, उड्डाणाच्या टोकाला बिघडलं.

मी मुलांना म्हणालो, आधी वस्तू पाहू, मग बोलू. टेबलावर सगळं मांडलं. पिन सोडणीलाच लटकलेली होती, म्हणजे ती ओढली गेली होती. चाक पूर्ण फिरलेलं होतं. मामांचं मत तिथेच गेलं. दोऱ्यांची टोकं भिंगाखाली धरली. आठही दोऱ्या तुटलेल्या होत्या, टोकाला तंतू पिंजलेले. गाठी जिथल्या तिथे. म्हणजे माझंही मत गेलं. गोधडीचा दोरा एवढ्या जोरानं तुटावा तर छत्री कापड चिकटून बंद राहिलेली नव्हती, उघडलेली होती, आणि वाऱ्यानं भरून उघडलेली होती. पण टोकाला तर रॉकेट जवळपास थांबलेलं असतं. तिथे दोरा तोडणारा वारा येणार कुठून?

त्यावर वर्गात बराच वेळ कोणी बोललं नाही. मग त्या मामांची भाची म्हणाली, "सर, दादाच्या फोनात स्लो मोशन हाये."

तिच्या भावानं सेकंदाला १२० चित्रं घेणाऱ्या फोनवर उड्डाण टिपलं होतं. आम्ही एकेक चित्र पुढे सरकवलं. पहिल्या आठ चित्रांत काही नाही, फक्त पांढरा फवारा. नवव्यात फवारा संपत आलेला. दहाव्यात झाकणाची खालची कड बाहेर आलेली दिसते. चौदाव्यात कापड.

"सर, झाकन आधीच उघडलं."

"कव्हा?"

"पानी संपता संपता."

छत्री टोकाला नव्हे, जमिनीपासून काही मीटरवरच, भर वेगात बाहेर आली होती. त्या वेगाला अर्ध्या चौरस मीटर कापडाची ओढ ४० किलो वजनाइतकी होते. दोऱ्या तुटणारच. छत्री हलकी, तरंगत बाभळीवर गेली आणि आम्हाला वाटलं ती वरूनच आली. रॉकेट मात्र छत्रीशिवाय पुढे गेलं.

आता खरा प्रश्न. पाणी संपतानाच का? सुटताना का नाही? सगळ्यात मोठा धक्का सुटताना बसतो, असं मुलांना वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही हिशेब करेपर्यंत तसंच वाटत होतं.

हिशेब फळ्यावर मांडला. रेटा म्हणजे दाब गुणिले तोंडाचं क्षेत्रफळ, आणि त्याची दुप्पट. सुटताना ७० पीएसआयला हा रेटा ३६ किलो वजनाइतका येतो. पण तेव्हा रॉकेटमध्ये पाऊण लिटर पाणी आहे, एकूण वजन १ किलो ५० ग्रॅम. त्वरण गुरुत्वाच्या ३४ पट. पाणी बाहेर जाईल तशी हवा पसरते, दाब उतरतो, आणि पाणी संपताना रेटा निम्मा राहतो, १७-१८ किलो. पण वजन? ते १०५० ग्रॅमवरून ३०० ग्रॅमवर आलेलं असतं. रेटा निम्मा झाला, वजन एक तृतीयांशाच्याही खाली गेलं. म्हणून शेवटच्या क्षणाला त्वरण गुरुत्वाच्या जवळजवळ ६० पट. हे सगळं सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत. एकशेवीस चित्रांच्या फोनात नऊ-दहा चित्रं, आणि झाकण नेमकं दहाव्यात.

फळ्यावरचा आकडा आणि फोनातलं चित्र एकमेकांना भेटलं तेव्हा वर्गात जी शांतता पसरली ती मी विसरणार नाही. वीस वर्षं मी न्यूटनचा दुसरा नियम शिकवतो आहे. वस्तुमान बदलत जातं तेव्हा काय होतं हे माझ्या मुलांना त्या दिवशी दिसलं.

गुंडाळलेली छत्री आणि झाकण मिळून ४५ ग्रॅम. साठ पटीनं ते २ किलो ७०० ग्रॅमसारखं वागणार. छत्रीची गुंडाळी कप्प्यात खाली दबणार, फुगणार आणि झाकणाला आतून ढकलणार. हे खरं की नुसतं कागदावरचं, ते तपासायला उडवायची गरज नव्हती. किराणा दुकानातून वजनं आणली. कप्पा उभा केला, तसंच झाकण, तसंच रबर, आणि गुंडाळीवर वरून वजन ठेवत गेलो. १ किलोला काही नाही. दीड किलोला झाकण फुगलं. २ किलो ठेवलं आणि रबर चाकाच्या आकड्यावरून निसटून खोलीच्या कोपऱ्यात गेलं. त्या मुलीनं दिवस आणि वेळ घालून वहीत लिहिलं: "२ किलोला उघडलं. २.७ पाहिजे होतं."

मामा म्हणाले, "पोरी, मोठं रबर लाव ना मंग." नुसतं मोठं रबर लावलं असतं तर कदाचित चाकाला ते सोडता आलं नसतं, आणि तेच अपयश दुसऱ्या वाटेनं आलं असतं. म्हणून आम्ही दोन गोष्टी केल्या. गुंडाळीखाली बांबूच्या कामट्यांची एक फळी बसवली, म्हणजे गुंडाळीला दबायला जागाच उरली नाही. आणि आकडा अधिक वाकवून त्यावर सायकलच्या ट्यूबची रुंद पट्टी लावली. तोच प्रयोग पुन्हा केला. ४ किलोला झाकण जागचं हललं नाही, आणि पिन ओढल्यावर चाकानं पट्टी सहज सोडली. असं वीस वेळा केलं. वीसही वेळा सोडली.

मधे दोन दिवस मुलं वेगळ्याच मागे लागली. धक्क्यानं चाकच थांबलं तर? पाखरं हाकलायची गोफण आणली, खेळणं तिच्यात घट्ट बांधलं आणि मोकळ्या बांधीत फिरवलं. एक मीटर दोरी, सेकंदाला तीन फेरे, म्हणजे गुरुत्वाच्या ३६ पट. चाक एका बाजूनं बांधलं तर अडखळत होतं, आडवं बांधलं तर फिरत होतं. माझ्या मते याची गरज नव्हती, कारण धक्का इतका थोडा वेळ टिकतो की चाक तेवढ्यापुरतं थांबलं तरी बिघडत नाही, मोडलं नाही म्हणजे झालं. तरी मी अडवलं नाही. गोफणीतून गुरुत्वाची पट काढणारी मुलं रोज भेटत नाहीत.

तिसरं उड्डाण

मार्चचा मध्य, सकाळी सात, पाहुणे नाहीत. गावात आदल्या दिवशी निरोप दिला होता, आणि धुऱ्याच्या दोन्ही टोकांना एकेक मोठा माणूस शिटी घेऊन उभा होता. आबाजींच्या घरी मी स्वतः जाऊन सांगून आलो होतो. एक नियम आणखी केला: रॉकेट जंगलाकडे गेलं तर त्याच्या मागे कोणीही जायचं नाही. आमच्या भागात वाघ आहे. मोहफुलं वेचायच्या दिवसांत भल्या पहाटे रानात जाणाऱ्यांवर हल्ले होतात, हे इथे कोणाला सांगावं लागत नाही.

साठ मीटरवर दोन मुलं कोनमापक आणि ओळंबा घेऊन उभी होती. ७० पीएसआय. शिटी. दोन्ही टोकांकडून हात वर आले. दोरी.

तीन सेकंद. मी उंची पाहत नव्हतो, झाकण पाहत होतो. तीन सेकंद, मग किंचित अधिक, आणि काळा ठिपका निळ्यावर उमलला. सेकंदाला चारेक मीटर वेगानं छत्री खाली येऊ लागली आणि वाऱ्याबरोबर रानाच्या कडेला सरकत गेली. कोन आले ४० आणि ४१ अंश. डोळ्यांची उंची धरून ५१ ते ५३ मीटर. आमचा अंदाज ५४ होता.

रॉकेट रानाच्या कडेच्या एका मोहाच्या शेंड्याला अडकलं. पोरांचे पाय शिवशिवत होते, पण कोणी हललं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या फाटकात आबाजी उभे, एका हातात मोहाची टोपली, दुसऱ्या हातात पंखाला धरलेलं आमचं रॉकेट. मोहफुलं वेचायला गावचे दहा-बारा जण मिळून गेले होते, त्यातल्या एकानं झाडावर चढून काढून दिलं म्हणे. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं, खिडकीत बोट घातलं आणि विचारलं, "गुरुजी, याचं झाकन तं उघडंच हाये. पुन्हा बिघडलं का?"

माझ्या आधी ती मुलगी बोलली. "नाही आबाजी. या खेपेस थे उघडालेच पायजे होतं."